डावी सीट

अनिरुद्ध दातारची गाडी दोनच माणसांची होती, याचं त्याच्यापेक्षा सोसायटीला जास्त वाईट वाटायचं. एवढी लालभडक, एवढी आवाज करणारी, आणि मागे साधी सीट नाही! तळमजल्यावरचे तात्याराव तर दर दसऱ्याला गाडीची पूजा चालली की गॅलरीतून विचारायचे, "काय हो दातार, चार माणसांची मिळत नव्हती का?" अनिरुद्ध नुसता हसायचा. घरात होतेच दोघं, तो आणि अस्मिता. मूलबाळ झालं नाही, आणि त्याचं रडगाणं त्या दोघांनी कधी गायलं नाही. पन्नाशीला टेकल्यावर त्याने ही वापरलेली स्पोर्ट्स कार घेतली. रविवारी उजाडलं की दिवे घाट नाहीतर बोपदेव घाट गाठायचा, वर टपरीवर चहा घ्यायचा आणि उन्हं चढायच्या आत घरी यायचं. एवढ्यावर दोघं खूश होती.

खरं तर अस्मिताला वेगाची भयंकर भीती. पण घरी थांब म्हटल्यावर थांबेल ती अस्मिता कसली! डाव्या सीटवर बसायच्या आधी ती चपला काढून हातात घ्यायची. गाडी आणली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, त्या दिवसापासूनचा तिचा हा नेम. "पूजा केलीय ना आपण? मग चपला घालून कशी बसू?" आणि घाटात वळण आलं की तिचा अनवाणी उजवा पाय आपोआप पुढे दाबला जायचा. तिच्या पायाखालचं मॅट त्या एका जागी झिजून पांढरं पडलं होतं.

"अगं, तुझ्या बाजूला ब्रेक नाही."

"तुझ्या बाजूला आहे, पण तू वापरतोस कुठे?"

दोन वर्षांपूर्वी ती गेली. ताप काय आला, दवाखान्यात काय नेलं, आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. हिरवी साडी, कपाळभर मळवट, पायात जोडवी. सवाष्ण गेली म्हणून बायका तिच्या पाया पडत होत्या, आणि अनिरुद्ध बाजूला उभा राहून त्या पायांकडे बघत होता. दुसऱ्या बोटातली जाडजूड जोडवी त्यानेच रविवार पेठेतून आणली होती. ती तिच्याबरोबरच गेली.

पुढे तो एकटाच घाटात जायला लागला. डाव्या सीटवर कुणाला बसू देईना. भाजीची पिशवीसुद्धा तो खाली पायाशी ठेवायचा. घरात अस्मिताचं कपाट होतं, फोटो होता, पण ती तिथे नव्हती. गाडीत मात्र होती, असं त्याला वाटायचं. तो काही अंगारे-धुपारे करणारा माणूस नव्हता, आयुष्य आयटीत गेलेलं. पण वाटायचं खरं.

आता असा माणूस गाडी घेऊन ट्रॅकवर कशाला गेला म्हणाल, तर रविवार खायला उठायचा म्हणून. लोणी काळभोरच्या बऱ्याच पुढे, सोलापूर रस्त्यापासून आत माळावर कुणा हौशी मंडळींनी ट्रॅक बांधलाय. तिथे आपापली गाडी नेऊन मनसोक्त पळवता येते. जाण्याआधी गाडी हलकी करायची, ही तिथल्या लोकांची रीत. वजन कमी तेवढा वेग जास्त. वाघोलीला रुपाली शितोळेचं गॅरेज आहे, इंजिनिअरिंग करून स्वतः उभं केलेलं. तिने स्टेपनी काढली, जॅक काढला, मॅट आणि खालचं कार्पेटही काढलं. आत नुसता पत्रा राहिला.

"डावी सीट?" तिने विचारलं. "सगळेच काढतात, पण म्हटलं तुम्हाला विचारावं."

"काढ," अनिरुद्ध म्हणाला. फार चटकन म्हणाला. इतकी माणसं काढतात, त्यात काय एवढं?

सीट टेंपोतून घरी आली आणि हॉलमध्ये खिडकीशी ठेवली गेली.

ट्रॅकवर पहिले काही फेरे झकास झाले. कोवळं ऊन, रिकामा रस्ता, समोरून ना रिक्षा ना म्हैस. सरळ पट्टा संपून उजवीकडे वळायच्या ठिकाणी तो जरा जास्तच वेगात आला. आता ब्रेक, असं मनात आलं, आणि नेमक्या त्याच क्षणी डावीकडून आवाज आला. टिंग, टिंग, टिंग. शेजारच्याने पट्टा लावला नाही की गाडी करते तो. हेल्मेटमधूनही स्पष्ट.

अनिरुद्धने डावीकडे पाहिलं. उघड्या पत्र्यावर ऊन पडलं होतं.

मग वळणाशी रचलेली टायरांची भिंत आली.

त्याच्या कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. गाडी पुढून अर्धी उरली नव्हती.

नंतरचे आठवडे त्याने कसे काढले, त्याचं त्याला ठाऊक. पार्किंगमध्ये रिकामी चौकट आणि तेलाचा डाग. तात्यारावांनी विचारलं, "गाडी दिसत नाही ती? विकली की आपटली?"

"आपटली."

संध्याकाळी तात्यारावांच्या मिसेसने डबाभर शिरा पाठवला. पुण्यात यापेक्षा जास्त सांत्वन कुणी करत नाही.

रोज संध्याकाळी तो त्या सीटसमोर खुर्ची ओढून बसायचा. वेड्यासारखी वाट बघायचा. कातड्यावर हात ठेवून पाहायचा, वास घ्यायचा. सीट म्हणजे सीट होती, थंड आणि रिकामी. एकदा त्याने मोठ्याने हाक मारली, आणि आपलाच आवाज ऐकून त्याला रडू फुटलं. अस्मिता गेली तेव्हा आला नव्हता इतका एकटेपणा त्याला आता आला. दुसऱ्यांदा गेली, आणि या खेपेला आपणच घालवली.

रुपालीचा फोन आला तो डिसेंबरात. "सर, उद्या भंगारवाल्याचा ट्रक येतोय. चासी वाकलीय, म्हणजे सांगाडाच गेला, आता कापण्याशिवाय इलाज नाही. एकदा बघून जाता का?"

तो दुपारी वाघोलीला गेला. गाडी गॅरेजच्या मागे चिंचेखाली होती, लाल रंगावर धूळ बसलेली. रुपालीने चहा मागवला.

"एक सांगू? तुम्ही ब्रेक फार जोरात दाबलात म्हणून वाचलात. ट्रॅकवर टायरच्या काळ्या रेघा आहेत, लांबलचक. मी स्वतः पाहिल्या. त्या नसत्या तर मी तुमच्या घरी येऊन फोटोला नमस्कार करत असते."

"मी ब्रेक दाबला नव्हता."

"धक्क्यात आठवत नाही माणसाला."

"रुपाली, पाय ॲक्सिलरेटरवर होता. मी डावीकडे बघत होतो. पट्ट्याचा आवाज आला म्हणून."

तिने कप खाली ठेवला. "सर, तो सेन्सर सीटमध्ये असतो."

"माहितीय."

"सीट तर तुमच्या हॉलमध्ये आहे."

"माहितीय गं."

ती उठली, टॉर्च घेऊन आली. "तर मग हे पण बघा. मला काही कळलेलं नाही, आधीच सांगते."

तिने डाव्या बाजूला, पाय ठेवायच्या जागी प्रकाश पाडला. पुढच्या तिरप्या पत्र्यावर एक खड्डा होता.

"बाहेरून काही लागलं असतं तर पत्रा आत आला असता. हा आतून बाहेर दाबला गेलाय. एखादं हत्यार राहिलं असेल म्हणावं, तर आत काहीच नव्हतं. मीच रिकामं केलं होतं."

अनिरुद्ध गुडघ्यावर बसला. खड्ड्यात त्याने तळहात ठेवला. तळ रुंद, मध्ये निमुळता, वर पाच बारीक खळगे. दुसऱ्या खळग्याच्या मुळाशी बोट फिरवलं तर पत्र्यात एक अर्धगोल चर लागला. खोल, गुळगुळीत. जाड कडं दाबावं तसा.

त्याने हात पटकन काढून घेतला.

"उद्या ट्रक नको," तो म्हणाला.

"सर, काही उरलं नाहीये हिच्यात. आज ना उद्या द्यावीच लागेल."

"अगं, बसायला जागा नव्हती तिला." त्याचा आवाज फाटला. "एवढ्या वेगात. मी सीटच काढून टाकली होती."

कोण, असं रुपालीने विचारलं नाही. तिने ड्रॉवरमधून किल्ली काढली. "रिक्षाने नका जाऊ अशा अवस्थेत. गॅरेजची छोटी गाडी न्या, सोमवारी आणून द्या." आणि ती फोन आल्याचं निमित्त करून आत गेली.

अनिरुद्धने लाल गाडीचं डावं दार उघडलं. ते अडकलेलं असेल असं त्याला वाटलं होतं, पण अलगद उघडलं. तो दार धरून उभा राहिला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हणाला, "चल."

चिंचेचा पालाही हलला नाही.

छोट्या पांढऱ्या गाडीचंही डावं दार त्याने उघडलं, जरा थांबला, आणि लावून घेतलं. स्वतःचं हसू आलं त्याला. शहाण्यासुरत्या माणसाची ही काय दशा!

नगर रस्त्याला नेहमीसारखी कोंडी होती. सूर्य समोर आलेला, सगळे हॉर्न वाजवतायत. खराडीच्या अलीकडे रस्ता मोकळा झाला, आणि गाडीने वेग घेतला.

टिंग, टिंग, टिंग.

डाव्या सीटवर काही नव्हतं. पिशवी नाही, फोन नाही.

त्याने गाडी कडेला घेतली. आवाज थांबेना. शेवटी तो वाकला, डावा पट्टा ओढला आणि खटकन लावला.

आवाज बंद झाला.

पट्टा सीटला टेकला नव्हता. पाठीपासून वीतभर पुढे, हवेत ताणून राहिला होता. अनिरुद्ध बघत राहिला. पट्टा किंचित वर झाला. खाली आला. पुन्हा वर झाला.

"अस्मिता?"

पट्टा तसाच श्वासागत वरखाली होत राहिला.

त्याने गाडी सुरू केली. कल्याणीनगर आलं, सोसायटीचं गेट आलं. तात्याराव नेहमीच्या बाकावर बसले होते, त्यांनी हात केला. अनिरुद्धला आत वळायचं होतं. पण आत गेलं की गाडी थांबवावी लागणार, पट्टा काढावा लागणार, आणि वर जाऊन एकट्याने दिवा लावावा लागणार. तो वळला नाही.

रस्ता पुढे झाडांतून सरळ जात होता. त्याने वेग वाढवला. तो डावीकडेच बघत होता, पट्ट्याकडे. गतिरोधक अगदी जवळ आल्यावर त्याला दिसला.

त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर होता.

गाडी हळू झाली.

त्याने खाली पाहिलं. पाय तिथेच होता. शेजारी ब्रेकचं पेडल पार तळाला गेलं होतं.