मधली दोन पानं

पियानो वाजवणाऱ्याची पानं उलटणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही, आणि बघितलंच तर समजावं की त्याचं काहीतरी चुकलंय. मी हे काम एकोणतीस वर्षं केलं. माझा पोटापाण्याचा धंदा पियानो सुरात लावण्याचा. शाळा, सभागृहं, हौशी लोकांचे दिवाणखाने. पानं उलटायचो ती फक्त हिची, म्हणजे माझ्या बायकोची. डावीकडे, किंचित मागे, सरळ पाठीच्या खुर्चीत बसायचं. पानाची शेवटची ओळ आली की उठायचं, डाव्या हाताने पानाचा वरचा कोपरा धरायचा आणि हिच्या मानेकडे बघायचं. मान किंचित उजवीकडे झुकून हलली की उलटायचं. क्षणभर आधी नाही आणि नंतरही नाही. "लग्नानंतर ह्यांनी माझं ऐकलेलं एवढंच," असं ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

नावाजलेल्या रचनांचा हिला कंटाळा. "वाजवून वाजवून त्यांचा पार चोथा झालाय," म्हणायची. हिला हवी असायची ती ज्यांचं नाव कुणी घेत नाही अशी माणसं. एका भूगोलाच्या मास्तराने लिहिलेले तीन तुकडे. एका सुईणीची नऊ मिनिटांची रचना. बंदराच्या कचेरीतल्या एका कारकुनाने आयुष्यात एकच सोनाटा लिहिला आणि लेखणी खाली ठेवली ती ठेवलीच. हिच्या मते अशा प्रत्येक रचनेत एक जागा असते, जिच्यासाठी बाकीचं सगळं लिहिलेलं असतं. चढत चढत जाऊन सगळे सूर एकदम उघडतात, ती जागा. तिला ही 'माथा' म्हणायची. निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत हिने असे एकोणीस माथे उतरवून ठेवले होते. रचना, पान, ओळ, आणि पुढे चार शब्द. 'सहावं पान, तिसरी ओळ. इथे छप्पर उडून जातं.' 'चौदावं पान, तळाशी. डावा हात रडू आवरतो, उजव्याला जमत नाही.'

एकोणिसावा माथा कारकुनाच्या सोनाटातला होता, बाविसाव्या आणि तेविसाव्या पानावरचा. त्यापुढे हिने काही लिहिलं नव्हतं, कारण तो हिने ऐकलाच नव्हता. त्या सोनाटाची रेकॉर्ड कुठेच मिळत नव्हती. सरावातही ही त्या दोन पानांवर डावा हात वेगळा आणि उजवा वेगळा बसवायची. दोन्ही हात एकत्र आणायचे ते मैफलीतच.

"पहिल्यांदा तिथेच ऐकू या," म्हणायची. "तुम्ही आणि मी, एकदमच."

वीस वर्षं हिने तो असा राखून ठेवला होता.

मैफल एका रविवारी दुपारी चार वाजता होती. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह, पन्नास खुर्च्या, चाळीसेक माणसं. एकविसाव्या पानाच्या शेवटच्या ओळीला मी उठलो. अंगठ्याला घाम होता. हिची मान हलली. मी पान उलटलं आणि समोर चोविसावं पान आलं.

दोन पानं एकदम उलटली गेली होती.

वाजवणाऱ्याचे हात डोळ्यांमागून जातात, विचारामागून नाही. हिने चोविसावं पान वाजवलं. नुसता उतार होता तो, शांत आणि सोपा. शेवटचे सूर दाबून धरले. रचना कुणालाच माहीत नव्हती, त्यामुळे टाळ्या झाल्या. हिने पट्ट्यांवरचे हात उचलले नाहीत. मी खांद्याला हात लावला तेव्हा हिचे डोळे उघडे होते, पण त्यांत ही नव्हती.

डॉक्टरांनी होत्या नव्हत्या तेवढ्या तपासण्या केल्या. काही सापडलं नाही. घास भरवला की ही गिळायची, धरून नेलं की चालायची. बोलणं नाही, बघणं नाही. फक्त रोज दुपारी चार वाजून गेले की हिची मान किंचित उजवीकडे झुकायची आणि हलायची. मग ही वाट बघायची. मी समोर उभा राहून हात चोळण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो.

"शरीराची सवय आहे हो ती," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या आवडीचं काहीतरी ऐकवत चला."

मी वही काढली आणि मास्तराच्या तुकड्याची रेकॉर्ड लावून सुरुवात केली. तिसरी ओळ जवळ आली तशी हिची बोटं मांडीवर हलू लागली. छप्पर उडालं आणि हिने माझ्याकडे बघितलं. नुसते डोळे वळले नाहीत. बघितलं.

"अहो," ही म्हणाली, "मधलं कुठाय?"

सूर उतरले तशी ही पुन्हा डोळ्यांतून गेली.

मी रडलो, हसलो, खोलीत येरझाऱ्या घातल्या. सुई मागे नेऊन तीच जागा पुन्हा लावली. चढण आली आणि तिला लागून सरळ उतार सुरू झाला. माथा नव्हताच. माझा धंदा कानांचा. सुई उडाली तर मला कळतं. ती उडाली नव्हती. कपाटातून छापील प्रत काढली. सहावं पान, तिसरी ओळ. चढणीचे सूर, त्यांना चिकटून उताराचे. शिवण शाबूत, कागद कुठे फाटलेला नाही. वहीत मात्र हिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'इथे छप्पर उडून जातं.'

मी चष्मेवालीला बोलावलं. ती हिची जुनी विद्यार्थिनी, तिशीतली, आता स्वतः शिकवणारी. चष्मा इतका जाड की शाळेत पडलेलं नाव अजून निघालेलं नाही. तो तुकडा ती पाठ वाजवायची. तिने वाजवला.

"माथा कुठे गेला?" मी विचारलं.

"कुठला माथा, काका? हा असाच तर आहे. बाईंनी मला असाच शिकवला." मग ती पट्ट्यांकडे बघत राहिली. "मला फार आवडायचा हा. का, ते आठवत नाहीये."

शहाणा माणूस इथे थांबला असता. मला एवढंच कळलं की एका माथ्याला पाऊण मिनिट ही परत मिळते, आणि मग बाकी जग गेलं खड्ड्यात. सुरुवातीला आठवड्याला एकच, असं ठरवलं होतं. पुढे तीन दिवसांनी, मग रोज. दर वेळी ही तेच विचारायची, "अहो, मधलं कुठाय?" आणि मी म्हणायचो, "चुकलं गं माझं, चुकलं." एकदा हिने माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "दाढी नाही केलीत?" त्या वाक्यावर मी चार दिवस काढले. सुईणीचा माथा गेला, चौदाव्या पानाचा गेला. कुठेतरी कुणीतरी आपली आवडती रेकॉर्ड लावून बसलं असेल आणि ती जागा आल्यावर उगाच खिडकीबाहेर बघत असेल, हे मला कळत होतं. तरी मी पुढची रेकॉर्ड लावत होतो.

अठराव्या माथ्याला हिने काही विचारलं नाही. ही पियानोकडे बघत होती.

"शेवटचा नका वाजवू," म्हणाली.

"का गं?"

"माझं काय, मी येईन. पण तुम्हाला..."

सूर उतरले.

त्या दिवशी मी मैफलीनंतर पहिल्यांदाच सोनाटाची प्रत उघडली. बाविसावं आणि तेविसावं पान जिथल्या तिथे होतं, एकूण एक सूर जागेवर. माझ्या अंगठ्याच्या डागाने कोपरे चिकटले होते. बोथट सुरीने मी ते सोडवले. ही जे म्हणाली ते चष्मेवालीला सांगितलं नाही. 'मी येईन' एवढंच मी ऐकलं होतं. पुढचं ऐकण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. तुम्ही असता का?

चष्मेवालीने महिनाभर हात वेगवेगळे बसवले. मग एका रविवारी चार वाजता आम्ही तिघं आमच्या दिवाणखान्यात जमलो. हिची खुर्ची मी पियानोच्या उजव्या बाजूला ठेवली, हिचे केस विंचरले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी बोटांना पावडर लावली आणि एकेका पानाचा कोपरा मुडपून ठेवला.

"काका, पुरे झाली पावडर," चष्मेवाली म्हणाली.

"तू तुझ्या हातांकडे बघ."

तिने सुरुवात केली. सोनाटा चढायला लागला. हिची बोटं मांडीवर तिच्या बरोबरीने चालत होती.

एकविसावं पान. शेवटची ओळ. मी उठलो.

कोपरा चिमटीत धरून चोळला. एकच कागद होता. पुन्हा चोळला. एकच.

चष्मेवालीची मान हलली. त्याच क्षणी पलीकडे हिचीही हलली.

मी पान उलटलं.

समोर चोविसावं पान होतं.

चष्मेवाली उतार वाजवत होती, शांतपणे. मी हिच्याकडे वळलो.

तिथे खुर्ची नव्हती. कुंड्यांची एक मांडणी होती. ती झाडं माझ्या ओळखीची नव्हती.

पानाच्या कोपऱ्यावर माझाच हात होता, पण त्यावर तपकिरी डाग होते आणि बोटांची पेरं सुजलेली होती.

चष्मेवालीने शेवटचे सूर सोडले आणि हात उचलले. तिच्या कानांवरचे केस पांढरे होते.

"ही कुठाय?" मी विचारलं.

तिने माझ्या बाहीवर हात ठेवला. "काका, बाईंना जाऊन आज महिना झाला. तुम्हीच म्हणालात ना, आज त्यांचा सोनाटा वाजव म्हणून?"

"पण ही उठलीच नाही."

"उठल्या नाहीत कशा? मीच नव्हते का वाजवत? तेविसाव्या पानावर उभ्या राहिल्या, तुमचा कान धरला आणि म्हणाल्या, 'इतकं सोपं होतं ना?' बारा वर्षं झाली त्याला." ती डोळे पुसता पुसता हसली. "आणि काय बारा वर्षं काढलीत हो तुम्ही दोघांनी! आम्ही जळायचो."

मी विसराळू माणूस नाही. कुठल्या घरच्या पियानोची कुठली तार कोणत्या साली उतरली, ते मी आजही सांगेन. त्या बारा वर्षांतला एकही दिवस माझ्याकडे नाही. भिंतीवर आमच्या दोघांचा फोटो होता, एका होडीत, नखशिखांत भिजलेले, हसून वाकलेले. कशाला हसत होतो कोण जाणे.

"बसा तुम्ही. मी चहा टाकते," चष्मेवाली म्हणाली आणि आत गेली.

मी पियानोच्या स्टुलावर बसलो. समोर निळी वही होती. एकोणिसाव्या माथ्यापुढे आता हिच्या अक्षरात दोन शब्द होते, 'ऐकला. दोघांनी.' आणि मग वही तशीच पुढे भरत गेली होती. पान नाही, ओळ नाही, नुसत्या तारखा. 'आज हे होडीत घसरले आणि मला घेऊन पाण्यात पडले.' 'आज ह्यांनी माझ्यासाठी गाणं म्हटलं. देवा, काय तो आवाज.' 'आज पहाटे दोघंही उगाच जागे होतो. काही बोललो नाही. इथे छप्पर उडून जातं.' अशी पानंच्या पानं. ज्या पानापासून ती सुरू होत होती, त्याच्या माथ्यावर बारीक अक्षरात एक ओळ होती.

'तुम्हाला यातलं काही ऐकू येणार नाही, म्हणून लिहून ठेवतेय.'

"मधलं कुठाय?" कुणीतरी म्हणालं. आवाज माझाच होता.

घड्याळात चार वाजून गेले होते. माझी मान किंचित उजवीकडे झुकली आणि हलली. मी वाट बघितली.

डावीकडे, किंचित मागे, सरळ पाठीची खुर्ची रिकामी होती.