थप्पीच्या पोटातली पऱ्हाटी

"कुऱ्हाड काढून घ्यायची, अन् ह्या लाकूडतोड्याकडून गावानं पुन्हा एक ढलपी घ्यायची न्हाई!" रामरावांनी काठी आपटली. "सांजच्याला चावडीवर हाच निकाल. त्याच्या आधी तुमी मोजून सांगा, पंत, लबाडी किती हाताची."

गिरिधरपंतांनी निजामाच्या मोजणीखात्याची नोकरी सोडली होती आणि आता जालन्याला खासगी तपासाची कामं घेत. शेताची हद्द असो की घरातली चोरी, त्यांना दोन्ही सारखंच. मुकुंद मास्तर त्यांच्याबरोबर असत ते, पंतांच्याच शब्दांत, शंका विचारायला. धावडा गावात शिरताना मास्तरांनी एक विचारली होती. जेवणं उरकलेली, सगळं गाव निवांत, मग गावकुसाजवळच्या त्या एकाच घरावर भर दुपारी धूर का?

"ते घर कुणाचं, रामराव?" पंतांनी आता विचारलं.

"त्या घराचं नाव माझ्यापुढं काढू नका. जावयानं माझा बांध कोरला. त्या दिवसापासून मला लेक न्हाई."

पंत परसात गेले.

गोठ्याच्या कुडाला टेकून बाभळीची थप्पी होती. दहा हात लांब, तीन हात उंच. सून माघात बाळंत होणार, थंडीत तिची खोली चाळीस दिवस उबदार ठेवायची, म्हणून लाकूडतोड्या कचरूनं ती दसऱ्याला रचून दिली होती. रामरावांनी ती काठीनं मोजली आणि रिवाजाप्रमाणे दर्शनी अंगावर चुन्याची रेघ ओढली. एक लाकूड हललं तरी रेघ तुटते. ते रोज सकाळी रेघ पाहत आणि निर्धास्त होत. परवा सून बाळंत झाली, थप्पी उघडली, तर पहिल्या ओळीमागं निघाली पऱ्हाटी. कापसाच्या त्या काड्या भुर्रकन पेटतात आणि भुर्रकन विझतात!

"रेघ बिलकुल बराबर हाय," रामराव म्हणाले. "मंग हे आधीच पोटात भरून दिलेलं, दुसरं काय?"

पंतांनी पऱ्हाटीची एक काडी नखानं खरवडली आणि पेंढीची गाठ निरखून पाहिली.

कचरू तिथंच उकिडवा बसून पळसाच्या सालीचा दोर वळत होता.

"कचरू, तुझ्या रचण्यात मुंगी शिरत नाही म्हणतात. मग हे काय?"

"थप्पी म्या रचली, मालक. जे हाय ते माझंच म्हना."

"कबूलच केलं की," मास्तर हळूच म्हणाले.

"फार लवकर केलं," पंत म्हणाले.

सालदार धर्मराजचं रडगाणं वेगळंच होतं. "बैल गवाणीला तोंड लावून न्हाई राह्यले, पंत. वैरणीत बाभळीची साल येती. कुठून येती, देव जाणे."

रामरावांच्या पत्नी सगुणाबाई माजघरात काकडत बसल्या होत्या. अंगावरच्या रजईची खोळ नवी होती, पण रजई पापडासारखी.

"एवढी पातळ रजई, सगुणाबाई? कापसाच्या गावात?"

"जुनी झाली," त्या म्हणाल्या आणि नजर चुकवली.

दिवस कलायच्या आत पंतांनी सगळ्यांना परसात बोलावलं.

"मास्तर, पऱ्हाटी कधी उपटतात?"

"वेचणी संपली की. पौषात, माघात."

"आणि थप्पी रचली दसऱ्याला. तेव्हा ही पऱ्हाटी शेतात उभी होती! गेल्या सालची म्हणावी, तर खरवडली की साल हिरवी निघते. म्हणजे ती मागाहून आत गेली. रेघ शाबूत, तेव्हा समोरून नाही. गवाणीत बाभळीची साल पडते, तेव्हा गोठ्यातून, कूड सारून. रामराव, तुम्ही थप्पीचं तोंड मोजलंत, पोट मोजलं नाहीत."

मास्तरांनी ती काडी उचलून पुन्हा पाहिली. एका काडीवरून एवढं!

"मंग चोर कोन?" रामरावांनी विचारलं.

"दोघं आहेत. एकानं लाकूड काढलं. थप्पी ढासळून बोभाटा होऊ नये म्हणून दुसऱ्यानं पेंढ्या कोंबल्या. पेंढ्या पळसाच्या सालीनं बांधल्यात."

सगळ्यांच्या नजरा कचरूच्या हातांकडे गेल्या.

"आता लाकूड गेलं कुठं? बाभळीचा निखारा रात्रभर टिकतो. रजईतला कापूस ऊब धरून ठेवतो. या घरातून दोन्ही गेलंय, आणि गावात एका घरावर दिवसभर धूर आहे. एवढी ऊब कुणाला लागते? दिवस भरायच्या आत जन्मलेल्या जिवाला."

सगुणाबाई उठल्या. मान ताठ होती. "आपल्या लेकीचं, नंदाचं हाय. सातव्या महिन्यात झालं. आज एकवीस दिस जगवलंय आमी. लाकूड काढताना कचरूनं मला पाह्यलं. म्हनला, आक्का, थप्पी बसंल, मालकाला कळंल, मंग लाकूड थांबंल."

रामराव कचरूकडे वळले. "अन् तू बोलला न्हाईस? कुऱ्हाड जात होती तुझी!"

"कुऱ्हाड दुसरी करता येती, मालक," कचरू म्हणाला.

पंतांची बुद्धी पाहून मास्तर नेहमीच थक्क होत, पण या माणसापुढं त्यांना ती लहान वाटली.

"धर्मराज," रामराव म्हणाले, "चावडीवर सांग, कचरू चोख हाय. खोटा मी पडलो." आणि ते गावकुसाकडे चालू लागले. मागोमाग सगळेच निघाले.

नंदाच्या घरात दोन शेगड्या रसरसत होत्या. मधल्या टोपलीत कापूसच कापूस, आणि त्यात मुठीएवढा एक चेहरा. नाकपुडी हलत होती. मास्तरांनी देवळात पुष्कळदा हात जोडले होते, आज ते आपोआप जोडले गेले. एकवीस दिवस माघाच्या थंडीनं या घराला वेढा घातला होता, आणि एका आईनं अन् एका लाकूडतोड्यानं तिला उंबऱ्याबाहेर थोपवून धरलं होतं.

रामराव उंबऱ्यातच थांबले. पुढं पाऊल पडेना, मागंही जाववेना.

नंदाबाईनं टोपलीवरची नजर काढली नाही. "आबा," ती म्हणाली, "दार लावा. वारा येऊन राह्यला."

रामरावांनी बाहेर उभ्या कचरूचा हात धरून त्याला आधी आत घेतलं, आणि मग दार लावलं.