द्या हात

दुपारचे पावणेतीन वाजले होते, तेव्हा हे सुरू झालं. रेवदंड्यात त्या वेळेला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास घरभर फिरतो आणि कावळेसुद्धा गप्प असतात. तान्हा निकेत झोळीत झोपला होता. तेवढ्यात राही सासूचा व्यायाम उरकून घ्यायची.

सासूची, वेणूबाईंची, डावी बाजू लुळी पडलेली. दवाखान्यातल्या बाईंनी राहीला शिकवलं होतं, कोपराखाली आधार द्यायचा, मनगट हळू फिरवायचं, बोटं एकेक करून उघडायची. शेवटी मुठीत कापडाची गुंडाळी, म्हणजे नखं रुतत नाहीत. "रोज करा हं. हात एकदा आखडला की उघडत नाही." राहीला त्याचीच धास्ती.

"तुझ्या सासऱ्यानं लग्नात धरला न्हाय एवढा हात धरतेस गो माझा," वेणूबाई वाकड्या तोंडानं हसल्या.

राहीही हसली. सासूचे हात चादरीत घातले, तेलाची वाटी उचलली आणि आठवलं, गुंडाळी राहिलीच! झोळी हलल्यासारखी वाटली म्हणून तिकडे बघता बघताच तिनं मागं हात केला. "द्या हात."

हात आला.

आधी तिला आनंदच झाला. आई स्वतःहून हात देतायत! मग बोटं लागली. वाळक्या लाकडासारखी, थंड, आत वळलेली. कापराचा वास आला.

"आई... हात दिलात?"

"कुठला गो? माझे हे... चादरीत."

राहीनं वळून बघितलं. तिच्या तळव्यावर काहीच नव्हतं. वजन मात्र होतं. आणि ते थरथरत होतं, पहिल्या दिवशी दुखायच्या भीतीनं वेणूबाईंचा हात थरथरला होता, तसंच.

तिला हात झटकवेना. तिनं ती न दिसणारी बोटं एकेक उघडली, निकेतच्या जुन्या पिवळ्या दुपट्याचा तुकडा गुंडाळून मुठीत ठेवला. वजन गेलं. तुकडाही गेला.

वेणूबाईंची दवाखान्यातल्यासारखी खाट नागावहून आणलेली, जुनी. शेजारच्या येसूबाईंचं माहेर तिथलंच. राहीनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या खाटेवरची म्हातारी व्हय? पडून पडून गेली. कोणी हात लावला न्हाय गो तिला. न्हेली तेव्हा पण मूठ उघडंना."

त्यानंतर सासूचं झालं की राही हळूच म्हणायची, "आता तुम्ही. द्या हात." डावा खांदा वर नेला की कोणीतरी कण्हायचं. मग ती आणखी सावकाश न्यायची.

पुढं वेणूबाई खुर्चीत बसायला लागल्या. राहीच्या नवऱ्यानं, प्रीतमनं, खाट टेम्पोवाल्याला देऊन टाकली. टेम्पोवाला म्हणाला, म्हसळ्याकडं कोणाला तरी पाहिजे. कोणाला, ते त्यालाही धड ठाऊक नव्हतं.

परवा दुपारी राही निकेतला उठवायला गेली. त्याची डावी मूठ घट्ट मिटलेली. शिकवल्याप्रमाणे तिनं बोटं एकेक उघडली. आत पिवळ्या दुपट्याची गुंडाळी होती. ओलसर, कापराच्या वासाची.

म्हणजे तिकडं त्या म्हातारीचा हात कोणी धरत नाही.

निकेतची मूठ अजून पुरती उघडत नाही. राही रोज प्रयत्न करते.

लोखंडी खाट, हिरवा रंग उडालेला, पायथ्याशी फिरवायचा दांडा. म्हसळ्याकडं कोणाच्या घरी आली असेल तर एवढा निरोप पोचवा. आपल्या माणसाचा व्यायाम झाला की आणखी एकदा म्हणा, "द्या हात." डावा खांदा जरा हळू घ्या. तिथं दुखतं तिला.