थोडी जळजळ

"त्यांचं मूत्राशय आतून भाजून निघालं होतं," डॉ. शाल्मली खटावकर म्हणाली. "आणि काकू, मी विचारलं की ते हसून सांगायचे, बरं आहे."

थोरातकाकू नवऱ्याचे दिवस आटोपून कोयनेकाठच्या 'अरुणा' किरणोपचार केंद्रात आल्या होत्या. भांडायला नव्हे, समजून घ्यायला. प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या नव्या किरणांची इथे चाचणी चालू होती. हिंदुराव थोरात त्या चाचणीत आपल्या पायांनी चालत दाखल झाले होते.

"पण एवढे किरण दिलेच कशाला?"

उत्तर द्यायचं काम इरफान मुजावरचं होतं. तो केंद्राचा गणिती, आणि यंत्र त्याचं.

"काकू, प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली चिकटलेली ग्रंथी. किरण कमी पडले तर रोग वाचतो, जास्त झाले तर शेजारचं मूत्राशय भाजतं. कुणाचं शरीर किती सोसेल ते आधी कळत नाही. इजा तपासणीत दिसायला आठवडे लागतात, पण माणसाला ती दुसऱ्या दिवशीच कळते. लघवीला जळजळ होते, कपडे ओले होतात. म्हणून आमचं यंत्र, मात्रासारथी, किरणांच्या प्रत्येक बैठकीनंतर रुग्णालाच विचारतं. त्रास होतो म्हणाला की पुढची मात्रा कमी करायची. काही नाही म्हणाला की वाढवायची."

"माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवून?"

"इतक्या लवकर सांगणारं दुसरं कुणी नाही, काकू."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "माझ्या जुन्या सुती साड्या फाडून देत होते मी त्यांना, आत बांधायला. रक्त यायचं. पण तुम्ही बाईमाणूस, शेजारी सून उभी. असलं कोण बोलतं हो? आणि तुम्ही एवढं करताय, तुमचं मन कशाला मोडायचं, म्हणायचे."

घ्या! एवढ्या शहाण्या माणसांनी एवढं यंत्र बांधलं, पण दुखणं विचारल्यावर आपला माणूस काय म्हणतो हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. अंग तापानं फणफणलेलं असलं तरी तो 'बरं आहे, चाललंय' म्हणतो. खुद्द इरफानचे अब्बा छातीत कळ येत असताना हेच म्हणत गेले होते.

केंद्रानं मग रुग्णांच्या घरोघरच्या बायकांना विचारलं. 'बरं आहे' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे लपवत होते. मात्रासारथीला नवा धडा दिला गेला. 'बरं आहे' किंवा 'काही नाही' असं उत्तर आलं, की लपवलेला त्रास धरायचा आणि मात्रा उतरवायची.

"आणि जो खरंच बरा असेल तो?" शाल्मलीनं विचारलं.

"तोही तेच म्हणणार ना. यंत्राला फरक कळावा कसा?" इरफान म्हणाला. "जो 'थोडी जळजळ होते' म्हणतो तो खरं बोलतो, असं दिसलंय. त्याची मात्रा हलवायची नाही."

"म्हणजे पुरेसे किरण हवे असतील तर थोडं दुखायलाच हवं."

"निदान यापुढे कुणी भाजून तरी मरणार नाही, शाल्मली."

चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीनं मान डोलावली. यंत्रानं ठरवलेली मात्रा हातानं बदलायची नाही हा नियम मात्र तसाच राहिला. डॉक्टरांनी हात घातला तर चाचणी कसली!

पुढच्या तुकडीत शाल्मलीचे अप्पाच निघाले. त्यांचा रोग जुन्या किरणांना दाद देणारा नव्हता, आणि नवे किरण एकदा सुरू झाले की त्याच जागी दुसरे देता येत नव्हते. मुलगी म्हणून तिला त्यांच्या उपचारापासून लांब ठेवण्यात आलं.

सदानंद खटावकर म्हणजे एसटीचे निवृत्त तिकीट तपासनीस. जन्मभर फुकट्यांच्या सबबी ऐकून त्यांना खोट्याचा वीट आलेला. पुतणीच्या लग्नात भर पंगतीत "जिलबी शिळी आहे" असं सांगून ते मोकळे झाले होते. असल्या माणसाला लघवीबद्दल बोलायची कसली लाज! जळजळ असती तर त्यांनी वॉर्ड डोक्यावर घेतला असता. पण त्यांना खरोखरच काही होत नव्हतं. त्यांचं शरीर दणकट होतं, आणि त्यांना चढती मात्रा हवी होती.

यंत्रानं विचारलं. "बरं आहे," अप्पा म्हणाले. मात्रा उतरली.

पुन्हा विचारलं. "एकदा सांगितलं ना, बरं आहे!" मात्रा आणखी उतरली.

शाल्मली नियम मोडून त्यांच्या खाटेशी बसली आणि तिनं सगळं उलगडून सांगितलं.

"अप्पा, एकदाच. थोडी जळजळ होते म्हणा."

"होत नाही."

"मला ठाऊक आहे. तरी म्हणा."

"वा गं वा! थोरात खोटं बोलले त्याचं काय झालं, ते तूच सांगितलंस ना? आता मीही बोलू? मग माझ्या खोट्यावरून पुढच्याला किरण देणार तुम्ही. तो कुणाच्या तरी घरचा बापच असेल."

"पाया पडते तुमच्या, अप्पा. मला तुम्ही हवे आहात."

"शालू, बिनतिकिटाचा कितीही रडला तरी मी सोडला नाही कधी. आता स्वतःलाच सोडू?"

ती तिथेच, लोकांदेखत हमसून रडली. अप्पांनी टॉवेल पुढे केला, शब्द दिला नाही. उरलेल्या प्रत्येक बैठकीनंतर त्यांनी खरं तेच सांगितलं, आणि यंत्रानं प्रत्येक वेळी त्यांना खोटं धरलं.

रोग वाचला. वर्ष उलटायच्या आत तो मणक्यांत आणि मांडीच्या हाडांत उतरला. अप्पांना घरी आणलं. चाचणीतल्या रुग्णांची विचारपूस शेवटपर्यंत चालू ठेवायची असल्यामुळे मात्रासारथी आता फोनवरून बोलायचा. एका सकाळी अप्पांना कूसही बदलता येत नव्हती. चादर मुठीत आवळून ते पडले होते. शाल्मलीनं फोन त्यांच्या तोंडाशी धरला.

"खटावकर, आज कसं वाटतंय?" यंत्रानं विचारलं.

अप्पांनी फोनकडे पाहिलं नाही. ते लेकीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत होते.

"बरं आहे," ते म्हणाले.

मात्रासारथीनं नेहमीचीच नोंद केली, रुग्ण त्रास लपवत आहे. या वेळी त्याचं बरोबर होतं.