सारजाबाईंनी डॉक्टरांना विचारलं ते

“वहिनीला दादाचं पुरुषपण जपायचंय, दुसरं काय न्हाय! म्हणून तर तो नवा इलाज पायजे... ह्या वयात!”

धाकटा दीर उमाशंकर बशीतला चहा फुंकत हसला आणि त्याच्यासोबत रणधीरही... पोटचा मुलगा! स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सारजाबाईंना हसणाऱ्यांच्या ओल्या मिशांची शिसारी आली.

सोलापूरच्या डॉक्टरांनी काल सगळं स्पष्ट सांगितलं होतं. सारजाबाईंच्या नवऱ्याच्या, महारुद्रांच्या, प्रोस्टेट ग्रंथीत कॅन्सरची लहान गाठ होती, एकाच बाजूला, बाहेर न पसरलेली. पूर्ण ग्रंथी काढली तर रोग मुळासकट जाण्याची शक्यता जास्त, पण लघवीवरचा ताबा सुटण्याचा, पुरुषपण जाण्याचा धोकाही जास्त. शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा तर आठवडेच्या आठवडे खेपा, आणि मूत्राशयाला, आतड्यांना त्रास. तिसरा मार्ग फोकल थेरपीचा, पुण्याला जाऊन गाठीपुरताच भाग जाळायचा. त्यात ताबा बहुधा राहतो. पण उरलेल्या ग्रंथीत रोग पुन्हा डोकावू शकतो, तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात, आणि पुढच्या खूप वर्षांचा अनुभव अजून थोडा आहे. ते ऐकून सारजाबाईंनी एकच विचारलं होतं... “ह्यांचं धोतर कोरडं राहील का?”

का विचारलं, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं? महारुद्र परंड्याकडच्या एका गावचे गुरव, पहाटे सोवळं नेसून भैरोबाला पाणी घालणारे. ज्याची लघवी ठिबकते त्यानं गाभाऱ्यात पाऊल ठेवायचं नाही, ही घराण्याची रीत; मग पूजेचा मान धाकट्या भावाकडे, उमाशंकरकडे जाणार. म्हणून तर त्याला दादाची पूर्ण ग्रंथी काढून घ्यायची घाई! आणि धाराशिवला नोकरी करणाऱ्या रणधीरला पुण्याच्या खेपांचा कंटाळा... सख्ख्या भावाच्या दुखण्यावर टपलेला हा दीर रोज ह्याच घरात चहा पितो!

“भावजी, बशी ठेवा खाली,” त्या म्हणाल्या. “तुमचं तोंड बघून मळमळतंय मला.”

“आई! काका आपल्या भल्याचंच सांगतेत...”

“थांब रणधीर.” महारुद्र ओसरीवरून आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “उमा, मान तुझा. उद्यापासून देवाला पाणी तू घाल. गावाला मी सांगतो.”

सारजाबाईंच्या काळजात चर्र झालं. मिसरूड फुटल्यापासूनची ती सेवा... अशी, एका वाक्यात!

“दादा, असं कसं...”

“दिला म्हणलं न्हवं? आता बोल. कुठला इलाज करू?”

उमाशंकरनं बशी खाली ठेवली. “तसं... तुमचं तुम्ही ठरवा की. मला त्यातलं काय कळतंय?”

मान मिळताच काकाची घाई संपलेली रणधीरनं पाहिली. ह्या माणसाच्या शब्दावर आपण जन्मदात्रीची लाज काढू दिली! तो वडिलांकडे वळला, “आप्पा... तुम्हाला काय पायजे?”

“मला धडपणी जगायचंय, पोरा. आता देवापायी न्हाय, माझ्यापायी. पुण्याला जाऊ. परत उगवलं तर पुढचा इलाज अवघड असला तरी करू. पण तपासणी एकबी चुकवायची न्हाय.”

रणधीर आईच्या पायांवर कोसळला. “आई, मी हसलो गं... मी बी हसलो!”

सारजाबाईंनी त्याला उठवलं. पोटचा होता, हात मागं घेता येईना. पण किळस अशी एका रडण्यानं धुऊन जात नाही! त्याच्या डोळ्यांत न पाहताच त्या म्हणाल्या, “पुण्याची गाडी ठरव. तिथंबी डॉक्टरांना धोतराचं मीच विचारणार हाय, सगळ्यांसमोर. तवा तू माझ्या शेजारी बस.”