स्क्रीन इकडे फिरव!

"स्क्रीन इकडे फिरव!" तपासणीच्या टेबलावरून धाकटी ओरडली, आणि सोनोग्राफीचं मशीन चालवणाऱ्या ताईचा हात तिच्या पोटावर थबकला.

दोन वर्षांनी बहीण तिच्याशी बोलली होती… आणि तेही असं! तिसऱ्या महिन्यात, सकाळी रक्त दिसलं म्हणून नवऱ्यानं धाकटीला धावतपळत आणलं, तर कामावर नेमकी ताईच. तिला पाहताच धाकटीनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

मागच्या खेपेला दिवस गेले तेव्हा, दुसऱ्या महिन्यात, याच खोलीत ताईला मसुराच्या दाण्याएवढा जीव दिसला होता. पण त्यात काळजाची जी लुकलुक दिसायला हवी, ती नव्हती. मशीन चालवणारीनं तोंड उघडायचं नाही, सांगायचं ते डॉक्टरबाईंनीच, असा दवाखान्याचा नियम; आणि डॉक्टरबाई ऑपरेशनमध्ये अडकलेल्या. "सगळं ठीक ना गं?" या प्रश्नावर ताई कसनुशी हसली, आणि धाकटी घरी जाऊन पाळण्याला रंग देत बसली!

"तेव्हाही अशीच गप्प होतीस," धाकटीला हुंदका आवरेना. "तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग? वैरीण होते मी तुझी?"

"नियम तर होताच. पण तू इतकी हसत होतीस गं… ते हसू मी पुसायचं?"

स्क्रीनवर नुसता करडा धूर. बाहेर डॉक्टरबाईंचा आवाज जवळ येत होता. बोललं तर नोकरीवर गदा, गप्प राहिलं तर बहीण कायमची गेली! ताईनं पोटावरचा प्रोब जरासा कलता केला, धूर निवळला… आणि तिनं स्क्रीन सरळ धाकटीसमोर आणली.

"बघ. ही लुकलुक म्हणजे काळीज, अगदी नीट चाललंय. हे नाक. दुसऱ्या महिन्यात हात म्हणजे नुसती वल्ही असतात, आता बोटं सुटी झालीत. अगं, लाथा झाडतंय लबाड! तुला एवढ्यात जाणवायच्या नाहीत."

धाकटी रडता रडता हसली. "तुझ्यावर गेलंय. झोपेत मला किती लाथा घातल्यास तू!"

दार उघडलं. "पेशंटला कुणी सांगितलं?" फिरवलेली स्क्रीन पाहून डॉक्टरबाईंनी कडक आवाजात विचारलं.

"मी…" ताईची मान खाली गेली.

"मी विचारलं," धाकटीनं जेलनं बरबटलेला तिचा हात घट्ट धरला. "मशीनवाल्या बाईंना नाही… माझ्या ताईला."

"तुमच्याशी मी नंतर बोलेन," डॉक्टरबाई ताईला म्हणाल्या. "आता बाजूला व्हा."

धाकटीनं हात सोडला नाही.