चार बोटांची पोकळी

आईला शनिवारी घरी सोडणार असं हॉस्पिटलने कळवलं, आणि सोमवारी सकाळी माझा भाऊ नवं कोरं ड्रिल मशीन घेऊन आईच्या दारात उभा राहिला. डब्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

"सुतार म्हणतोय तीन आठवड्यांनी येईन," तो म्हणाला. "तोवर आईला काय अंगणात बसवायचं? आपणच पाडू. लाकडाची भिंत तर आहे."

"तू जन्मात कधी खिळा ठोकलायस?"

"व्हिडिओ बघितलेत, ताई. सगळे."

मी वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दुकानांतले तराजू, पेट्रोलचे पंप, कापडवाल्यांच्या पट्ट्या, तीस वर्षं हेच. कोणी 'साधारण', 'अंदाजे' म्हणालं की माझ्या कपाळावर आठी येते. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, विमा कंपनीत, आणि त्याचं सगळं आयुष्य अंदाजावर चाललेलं. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे सांगणार आहे ते मोजून सांगते आहे.

आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर आला. वॉकर घेऊन वळायला जागा लागते, आणि आईच्या दोन्ही खोल्या म्हणजे आगगाडीचे डबे. मुळात ती एकच लांब खोली होती. मी आठ वर्षांची आणि भाऊ सहाचा असताना बाबांनी तिचे दोन तुकडे केले, कारण आम्ही सकाळी डोळे उघडल्यापासून भांडत असू. बाबा कारखान्यात स्टोअरकीपर होते. यंत्रं ज्या खोक्यांतून येत त्यांच्या फळ्या ते सायकलच्या कॅरियरला बांधून थोड्या थोड्या घरी आणत. मधे चौकटीचा सांगाडा, सांगाड्याच्या दोन्ही अंगांना फळ्या, आणि आत चार बोटांची पोकळी. काही फळ्यांवर 'ही बाजू वर' असा बाण होता आणि बाबांनी तो बिनदिक्कत खाली तोंड करून बसवला होता. "भिंतीला कसलं आलंय खालीवर," ते म्हणायचे. पेन्सिल कानाला, दोरा दातांत, आणि आम्ही दोघं खिळ्यांचा डबा धरून दोन्हीकडे उभे. एवढं आनंदी मी त्यांना क्वचितच पाहिलं.

पहिला दिवस कपाटाने खाल्ला. कपाट दारातून निघेना, म्हणून त्याचे दरवाजे काढले. तरी निघेना, म्हणून खोलीचं दार काढलं. भावाने दार वितीने मोजलं होतं.

"अरे, टेप आहे ना माझ्याजवळ!"

"तू मोजत बस. मी काम करतो."

मग फळ्या. स्क्रूंच्या डोक्यांवर रंगाचे इतके हात बसलेले की खाच कुठे ते दिसेना. खरवडून खाच सापडली की स्क्रू-ड्रायव्हर लावल्याबरोबर ती झिजायची. भावाचं ड्रिल घसरलं ते थेट वायरीत गेलं आणि घरभर वीज गेली. संध्याकाळपर्यंत दोन फळ्या जेमतेम सैल झाल्या, त्यातली एक चिरून. चहावर भुशाची साय आली होती. आम्ही तसाच प्यायलो आणि उगाचच हसत सुटलो. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं असे फरशीवर पाय पसरून बसलो होतो. त्याचे पाय हुबेहूब बाबांसारखे झालेत हे मला तेव्हा दिसलं.

मंगळवारी मी फर्मान काढलं, की ज्याने त्याने आपापल्या खोलीतून सुरुवात करायची. एकमेकांचं तोंड दिसलं नाही तर काम होईल. दुपारचे तीन वाजले असतील. मी तोंडाला फडकं बांधून खालच्या फळीतला खिळा उपसत होते. पलीकडून आवाज आला.

टकटक. मग जरा थांबून, टक.

हातातली पकड तशीच राहिली. दोन आणि एक. चाळीस वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी आम्हाला झोपायची सक्ती असे. ही भिंत उभी राहिल्यावर तिच्या दोन बाजूंना आमचे दोन पलंग आले. मी छताकडे बघत पडलेली असे आणि पलीकडून ते यायचं, दोन आणि एक. मी बोटांच्या पेरांनी उलट उत्तर द्यायची, एक आणि दोन. एवढंच. त्याचा अर्थ आम्ही कधी ठरवला नव्हता, पण मला तो कळायचा. 'आहेस ना?' 'आहे.' बाबांनी फटकावलं त्या दिवशी यायचं. मला गोवर आला तेव्हा सगळ्यांना खोलीत यायची बंदी होती, तेव्हाही यायचं. आणि मी चौदा वर्षांची असताना भावाने माझी चुगली केली, त्यावरून आम्ही जवळजवळ दोन वर्षं बोलत नव्हतो, त्या दोन वर्षांतही ते एकही दिवस चुकलं नाही. त्या टकटकीमुळेच मी त्याला माफ केलं. तोंडाने बोलायची लाज वाटते, म्हणून पोरगा भिंतीतून बोलतोय, असं मला वाटायचं.

मी फडकं खाली ओढलं आणि हसत हसत उत्तर दिलं. एक. मग दोन.

चहाला बसलो तेव्हा त्याचेही डोळे जरा ओले वाटले.

"तुला अजून आठवतं, ताई."

"मला? सुरुवात तू केलीस की."

"छे. तू दोन आणि एक केलंस. मी उत्तर दिलं."

"मी उत्तर दिलं. एक आणि दोन."

तो हसला. "असू दे. तेव्हाही सुरुवात नेहमी तूच करायचीस."

मी कप खाली ठेवला. "मी कधीच सुरुवात केली नाही. एकदासुद्धा."

"काहीतरीच काय? रोज दुपारी. आपण बोलत नव्हतो तेव्हासुद्धा. मला वाटायचं, ही मोठी आहे, नमतं घ्यायला जड जातं, म्हणून असं करते. म्हणून तर मी शेवटी तुझ्याशी आपणहून बोलायला आलो."

"माझं उत्तर तुला ऐकू यायचं?"

तो विचारात पडला. "तुझ्याकडून मी फक्त दोन आणि एकच ऐकलंय."

"मीही तेच," मी म्हणाले.

आम्ही आपापल्या खोल्यांत गेलो. मी पेरांनी ठोकलं आणि मोठ्याने विचारलं, "आलं ऐकू?" "ठोकलंस का?" त्याने विचारलं. मग त्याने ठोकलं. मला काही ऐकू आलं नाही. बोलणं स्पष्ट येत होतं, श्वास लागलेलासुद्धा कळत होता. मी त्याला समजावलं, की आत पोकळी आहे, जाड लाकूड आहे, हलका ठोका आतच जिरतो. समजावताना माझं मलाच ते पटलं. मग इतकी वर्षं मला काय ऐकू येत होतं, हे त्याने विचारलं नाही. मीही नाही.

बुधवारी दुपारी खिळे उपसायची पहार मागायला तो कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेला. मी माझ्या खोलीच्या खिडकीत उभी राहून हात पुसत होते. तो मला रस्त्यावर दिसत होता. गॅरेजवाला काहीतरी सांगत होता आणि हा दोन्ही हात खिशात घालून मान डोलवत होता.

माझ्या पाठीमागे भिंतीतून ठोका आला. दोन. मग एक.

मी वळले नाही. मी भावाकडेच बघत राहिले. त्याचे हात खिशातच होते.

परत आलं. या वेळी हळू. टकटक, आणि मग बराच वेळ काही नाही. दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाला वाटावं की घरात कोणी नसेलच, तसं थबकून. आणि मग, टक.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या आधी काहीतरी दुसरंच दाटून आलं. गोवराच्या तापातली ती दुपार, पडदे ओढलेले, तोंड कडू, आणि कोणीतरी विचारतंय, आहेस ना. जे कोणी होतं त्याने मला एकदाही एकटं सोडलं नव्हतं. मी भिंतीशी गेले आणि उत्तर दिलं. एक. मग दोन.

आतून पाठ टेकल्यासारखी फळी किंचित करकरली.

भाऊ पहार घेऊन आला. त्याने पहार भिंतीला टेकवली नाही, फरशीवर आडवी ठेवली.

"मला सकाळी दोनदा आलं," तो म्हणाला. "तू तेव्हा अंघोळीला गेली होतीस."

"दिलंस उत्तर?"

"दिलं." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "ताई, राहू दे का हे? आईला आपण माझ्या घरी नेऊ."

"तुझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. माझ्याकडेही जिना आहे. आई वॉकर घेऊन उडणार आहे का?"

"आपण दोघं बोलायला लागलो ते त्याच्यामुळे."

"आई शनिवारी येतेय," मी म्हणाले. आवाज माझा होता, पण बाबांचा वाटला.

गुरुवारी सकाळी आम्ही पहार लावली. दोघंही एकाच बाजूला, माझ्या खोलीत. न ठरवता.

वरून सुरुवात केली. एकेक फळी किंचाळत सुटत होती.

चौथी फळी सैल झाली आणि ठोके सुरू झाले.

दोन. एक. दोन. एक. मधे थांबायला वेळच नाही.

"ओढ," मी म्हणाले.

भाऊ रडत होता. रडत रडत ओढत होता.

पाचवी निघाली. आत तळापर्यंत प्रकाश गेला आणि आवाज थांबला.

मी टॉर्च धरला.

आत काही नव्हतं. उंदराची लेंडी नाही, कोळ्याचं जाळं नाही, धूळसुद्धा नाही. चार बोटांची रिकामी पोकळी.

दोन्ही बाजूंच्या सगळ्या फळ्या उतरवून आम्ही त्या अंगणात उजेडात उलट्या, पण भिंतीत होत्या त्याच क्रमाने मांडल्या. खोक्याचं लाकूड, रंधा न मारलेलं. बाहेरच्या अंगाला बाबांनी घासून रंग दिला होता, आतलं अंग तसंच खरबरीत होतं. हात फिरवला की कुसळं घुसत. फक्त काही ठिकाणी नाही. तिथे लाकूड रुपयाएवढं गोल, गुळगुळीत झिजलेलं होतं. माझ्या बाजूला एक, की बरोबर समोर भावाच्या बाजूला एक.

मी टेप काढला. खालची जोडी जमिनीपासून एकोणसाठ सेंटीमीटरवर, आमच्या पलंगांच्या उंचीला. आम्ही पडल्या पडल्या ठोकायचो ते तिथेच, शेवटपर्यंत तिथेच. पण आतल्या खुणा तिथे थांबल्या नव्हत्या. पासष्ट. अठ्ठ्याहत्तर. एक मीटर चार. शिडीच्या पायऱ्यांसारख्या वर वर गेल्या होत्या. आम्ही दोघं लग्न होऊन घराबाहेर पडल्यावरही त्या थांबलेल्या दिसत नव्हत्या. सगळ्यात वरची जोडी एक मीटर ब्याऐंशीवर होती. भिंत उभी असती तर तिच्यावर बोट ठेवायला मला हात डोक्याच्या बराच वर न्यावा लागला असता. खालच्या खुणा काळ्या पडल्या होत्या. वरची पांढरीशुभ्र होती, आतून लाकडाचा ताजा वास येत होता.

"कुणाला सांगायचं नाही," भाऊ म्हणाला.

"काय सांगणार?"

फळ्या भंगारवाला घेऊन गेला. चौकट निघाली तिथली फरशीतली भेग आम्ही सिमेंटने भरली. भावाने भिंतींना रंग दिला. छतावरही दिला आणि माझ्या केसांनाही. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही खोलीच्या दोन टोकांना उभं राहून एकमेकांकडे पाहिलं. मधे काहीच नव्हतं. इतक्या लांबून काय बोलावं ते आम्हाला सुचेना.

आई शनिवारी आली. दारातच थांबून म्हणाली, "अगं बाई, केवढी मोठी झाली गं! यांनी बघितलं असतं तर आधी ओरडले असते आणि मग सगळ्यांना बोलावून दाखवलं असतं." तिला खोली आवडली. मलाही आवडते. भाऊ आता रोज संध्याकाळी येतो, मीही येते. ड्रिल मशीन त्याने साफ करून डब्यात घालून ठेवलंय. आम्ही कमी भांडतो. त्या खोलीत पुन्हा कधी ठोका आला नाही.

आईला आम्ही काहीच सांगितलेलं नाही.

व्यायाम म्हणून ती दिवसातून चार वेळा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालते. पायांकडे बघून चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि ती शहाण्या मुलीसारखी पायांकडेच बघत येते. फक्त खोलीच्या मध्यावर आली की थांबते. वॉकर जरा बाजूला घेते, अरुंद जागेत समोरून कोणी आलं की घेतात तसा. आणि मान वर करून ओळखीचं हसते. ती कुठे बघते ते मी मोजलेलं नाही. पण माझा नजरेचा अंदाज सहसा चुकत नाही. गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात ती मान थोडी अधिक वर करते.